गोड्या पाण्याची काटकसर

मुकुंदवाडीच्या रस्त्यावर कूलरचं गवत विकणारे गाडे उभे राहिले की माझं डोकं फिरतं. गवताचा त्यात काही दोष नाही. उलट, पहिल्यांदा पाणी सोडल्यावर त्याला जो ओला, लाकडाचा वास येतो तो मला आवडायचा. आता तो वास आला की तो एक उन्हाळा आठवतो, आणि तो आठवला की मला माझाच राग येतो. दुसऱ्याचा राग आला तर माणूस निदान ओरडून मोकळा होतो. स्वतःचा राग आला की नुसतं घरात फिरत बसायचं, आणि बायको विचारते, काय हरवलं.

यंदाही गाडे आलेत. परवा सकाळी मंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, "औंदा गवत लवकर बदलून घ्या, ऊन लई हाय." मी बरं म्हणालो आणि गेलो नाही. दुपारी पुन्हा म्हणाली, पुन्हा गेलो नाही. तिला कारण माहीत आहे. म्हणून तिसऱ्यांदा म्हणाली नाही.

मी ढोरांचा डॉक्टर. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं काढली, सगळी ह्याच जिल्ह्यात. माझ्या वडिलांची मेंढरं होती, फर्दापूरच्या डोंगराकडं चारायला न्यायचे. कळपात मागं पडलेल्या मेंढीची नुसती चाल बघून ते सांगायचे, हिला जंत आहेत, हिच्या खुरात काटा आहे, ही उद्या विणार. शाळेची पायरी न चढलेला माणूस. त्यांच्या पोटी मी डिग्री घेतलेला डॉक्टर, म्हणजे मी किती हुशार असेन याचा हिशेब मी मनाशी लावून ठेवला होता. घटसर्प, पोटफुगी, दगडी झालेली कास, अडलेली म्हैस, सगळं ह्या हातांनी निभावलं. तेव्हा दोन माशांनी मला असं नागवं करावं, हे मला अजून पचलेलं नाही.

मासे नितीनचे, आमच्या मुलाचे. आता नितीनचं सांगायला हवं, नाहीतर दोन माशांसाठी म्हातारा एवढा का तडफडला, असं कुणी म्हणेल. बारावीनंतर त्याला रत्नागिरीला जायचं होतं, माशांचं शास्त्र शिकायला. फॉर्म भरून ठेवला होता. मी फॉर्म हातात घेतला आणि म्हणालो, "मेंढरामागं फिरलेल्या घरातून मी इथवर आलो, ते तू खेकडे मोजायला? पोरगी कोण देईल तुला?" त्यानं फॉर्म माझ्या हातातून परत घेतला, नीट घडी घातली आणि कपाटात ठेवला. इंजिनियर झाला, वाळूजला कंपनीत लागला. एका शब्दानं बोलला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. आमच्या घरात भांडण म्हणजे पावसासारखं, येतं, पडतं, जातं. हा मात्र गप्प राहिला तो राहिलाच. कंपनीतून फोन केला की, "जेवलात का, बाबा?" "जेवलो." "बरं." संपलं.

मग एक दिवस हॉलमध्ये काचेची टाकी आली. समुद्राच्या माशांची, खाऱ्या पाण्याची. ज्या शहरात नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तिथं ह्यानं घरात समुद्र आणून ठेवला. दोनच मासे, केशरी अंग, त्यावर पांढरे पट्टे, पट्ट्यांना काळी कड. मोठी ती मादी, धाकटा तो नर. कंपनीतून आला की बूट न काढता टाकीसमोर बसायचा. मी पेपरच्या आडून बघायचो. कळत होतं की रत्नागिरीचा फॉर्म कपाटातून निघून हॉलमध्ये येऊन बसलाय. कळत होतं आणि तरी मी पेपर वाचत होतो.

त्या उन्हाळ्याच्या तोंडाला कंपनीनं त्याला वर्षभरासाठी चेन्नईला धाडलं. जाताना टाकीपाशी उभा राहून म्हणाला, "बाबा, सांभाळाल का?" इतक्या वर्षांत त्यानं माझ्याकडं मागितलेली ती पहिली गोष्ट. मी म्हणालो, "अरे, मी डॉक्टर आहे." तो किंचित हसला. ते हसू मी गाठीला बांधून ठेवलं. हे दोन मासे वर्षभर जगवले की आमच्यातलं ते जुनं काहीतरी मिटेल, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मासे मेले तर तो काही बोलणार नाही, हेही ठाऊक होतं, आणि त्याचीच मला धास्ती होती.

त्यानं टाकीखालच्या कपाटाला कागद चिकटवून दिला होता. खाणं किती, दिवा किती वेळ, पाणी थंड राहावं म्हणून वर लावलेला छोटा पंखा कधी चालू, सगळं. आणि ठळक अक्षरात: टाकीतलं पाणी उडून कमी झालं की फिल्टरचं गोडं पाणी घालायचं.

आता त्या उन्हाळ्यातली आमची गल्ली डोळ्यांपुढं आणा. नळाचा आठवा दिवस नववा झाला, नववा दहावा. बाया ओट्यावर हंडे मांडून टँकरची वाट बघायच्या. शेजारच्या काकू एका घागरीसाठी भांडून रडल्या. आमच्याकडं मंदा तांदूळ धुतलेलं पाणी तुळशीला, भांड्याचं विसळ संडासात, असं वाटून वाटून वापरत होती. आणि इकडं पंख्याच्या वाऱ्यानं टाकीतलं पाणी बघता बघता चार बोटं खाली जायचं. त्यात पिण्याचं फिल्टर पाणी ओतायचं? भरली बादली, दिवसाआड? दार उघडं असताना कुणी बघितलं तर काय म्हणेल? मला तर ते पापच वाटायला लागलं. वडिलांनी मला एकदा ओंजळीतलं उरलेलं पाणी जमिनीवर सोडलं म्हणून थोबाडीत मारली होती. ते हाडात भिनलेलं असतं.

शिवाय मागच्या खोलीत नितीननं जाण्याआधी टाकीचं पाणी बदलायला म्हणून कालवून ठेवलेला खाऱ्या पाण्याचा मोठा ड्रम होता. ते पाणी ना पिता येत ना स्वयंपाकाला. मी म्हणालो, टाकीतलं खारं पाणी कमी झालंय ना, मग खारंच घाला. जे कमी ते भरा. गोडं पाणी घरात राहील, माशांना त्यांचा समुद्र मिळेल. कागद लिहिणारा पोरगा शेवटी पोरगाच, त्याला पाण्याची किंमत काय कळणार. ही अक्कल चालवून मी स्वतःवर इतका खूष झालो की मंदालाही सांगितलं नाही.

तीन-चार आठवड्यांत मोठी मादी सुस्तावली. खाणं टाकलं की धाकटा धावायचा, ती कोपऱ्यात दगडाशी तोंड करून उभी. अंगावरचं केशरी जुन्या विटेसारखं दिसायला लागलं. कल्ले भराभर उघडमीट करत होते. मी घड्याळ लावून श्वास मोजले. मोजले तर मोजले, पण त्याचं करायचं काय? म्हशीचे श्वास मोजले की पुढचं पाऊल असतं. कानाचं मूळ चाचपा, नाकपुडी ओली की कोरडी बघा, डाव्या भकाळीवर, बरगड्यांमागच्या खळग्यावर, मूठ दाबा, शेण बघा, रवंथ करते का विचारा. माशाला कान नाही, नाकपुडी नाही, भकाळी नाही. हात लावला तर घाबरून मरेल. माझी सगळी विद्या हातात, आणि पेशंट काचेपलीकडं. त्या काचेला नाक लावून मी तासन् तास बसायचो, आणि ती मादी मला एवढासुद्धा पत्ता लागू द्यायची नाही.

नितीनला फोटो पाठवला. त्याचं लगेच उत्तर आलं, "पाण्याचा खारेपणा किती आहे?" त्यासाठी त्यानं एक प्लॅस्टिकची पेटी दिली होती. पाणी भरलं की आतली सुई वर चढते आणि आकडा दाखवते. मी रोज बघत होतो. सुई रोज हिरव्या पट्ट्यात, जिथं असायला पाहिजे तिथंच, केसभर इकडं नाही की तिकडं नाही. फोटो पाठवला. वर लिहिलं, "पाणी उत्तम. पाण्याचं मी बघतो. तू औषध सांग."

त्यानं एकदा विचारलं, "पाणी तुम्हीच घालता ना, कागदावर लिहिल्यासारखं?" मी लिहिलं, "हो." ते अर्धं खरं होतं. पाणी मीच घालत होतो.

पाणी चांगलं म्हटल्यावर उरला रोग. क्रांती चौकाच्या अलीकडं माशांचं एक दुकान आहे, तिथले भाई गोड्या पाण्याचे मासे विकतात, खाऱ्याचं थोडंफार जाणतात. त्यांनी मोबाइलवरचा फोटो मोठा करून बघितला. "डॉक्टरसाब, ये जो सफेद सफेद है ना, ये कीडा है. कल्ल्यात घुसतं. निळी दवा टाका." फोटोत पांढरं खरंच दिसत होतं. ते माशावर होतं की काचेवर, हे त्यांनीही विचारलं नाही, मीही बघितलं नाही. निळं औषध आणलं. पाच दिवस टाकलं. मादी आणखी सुकली. मग भाई म्हणाले गोड्या पाण्यात पाच मिनिटं बुडवून काढा, कीडा झडतो. वाडग्यात फिल्टरचं पाणी घेतलं, जाळीनं तिला धरलं. त्या पाच मिनिटांत तिनं अंग मोकळं केलं, दिवसभर बरी वाटली. मी मांडीवर थाप मारली, निदान पक्कं. कीडाच. दुसऱ्या दिवशी परत तेच, तिसऱ्या दिवशीही. तिसऱ्या खेपेला जाळीत तिचं शेपूट अडकलं आणि टरकन फाटलं. आधी आजारी होती, आता डॉक्टरच्या हातून जखमीही झाली.

मग मी घरावर उलटलो. मंदानं देवापुढं उदबत्ती लावली की मी खिडक्या उघडायचो. फरशी फिनेलनं पुसायची नाही. ठेच्यासाठी मिरच्या भाजायच्या नाहीत, धूर पाण्यात उतरतो. ती म्हणाली, "मिरच्यांचा धूर मलाबी लागतोय, मी मेले का?" मी म्हणालो, "तू मासा आहेस का?" तिनं मिरच्या परत डब्यात भरल्या. रोज सकाळी ओलं फडकं घेऊन टाकीचं झाकण, मागची भिंत, पंख्याची पाती पुसायची आणि आत निघून जायची. मला वाटायचं, धूळ पुसते.

एका सकाळी मादी आडवी झाली. एक कल्ला हलत होता, तेवढंच. मी गुडघ्यावर बसून टॉर्च मारत होतो आणि बडबडत होतो. काय बडबडत होतो ते सांगत नाही. मंदा फडकं घेऊन आली, झाकण पुसलं, आणि फडकं माझ्यासमोर धरलं. त्यावर पांढरी, खरखरीत भुकटी होती.

"हे काय हाय?" तिनं विचारलं.

"धूळ."

"मीठ हाय. रोज एवढं निघतंय. आधी इतकं निघत नव्हतं." मग टाकीकडं बघून म्हणाली, "तुम्ही कमी झालेल्या पाण्याच्या जागी त्या ड्रममधलंच टाकता ना?"

"व्हय."

"मग कसं व्हावं? पाणी उडून जातं, मीठ कुठं उडतंय? आमच्या माहेरी विहीर आटत आली की असंच व्हायचं. पाणी तळाला, आन खार तेवढाच. म्हशी हौदाला तोंड लावायच्या नाहीत. हिचं तर हौदातच घर हाय, ही कुठं जाईल?"

तिचं माहेर पैठणच्या अंगाला, खारवट जमिनीचं. मी उठलो आणि ती मोजायची पेटी नळाखाली नव्हे, फिल्टरच्या पाण्याखाली धरली. वापरल्यावर तिला गोड्या पाण्यानं धुवायचं असतं, हेही कागदावर होतं. तेही पाणी मी वाचवलं होतं. सुईच्या बुडाशी मीठ वाळून खडा झाला होता. खडा विरघळला, सुई सुटली. मग टाकीतलं पाणी भरलं. सुई हिरवा पट्टा ओलांडून सरळ वरच्या टोकाला जाऊन आदळली. कित्येक आठवडे अडकलेल्या सुईचा फोटो मी लेकाला पाठवला होता. रोग हेल्याला आणि औषध पखालीला, हे आम्ही अडाणी शेतकऱ्यांना हसून म्हणायचो.

"तुला कळत होतं तर सांगितलं का नाहीस?" मी तिच्यावरच ओरडलो.

"तुम्ही विचारलं कुठं?" ती म्हणाली. रागानं नाही. भाजीला मीठ आहे का विचारल्यावर आहे म्हणावं, तसं.

आणि ह्याच जागी मला माझा राग आला. कारण नोकरीत नव्या डॉक्टर पोरांना मी पहिल्याच दिवशी एकच गोष्ट सांगायचो. गोठ्यात गेलं की मालकाला विचारू नका. मालक मिशीला पीळ देऊन काहीही सांगतो. धार काढणारीला विचारा, शेण भरणारीला विचारा. जनावरानं कधी तोंड फिरवलं, ते तिला माहीत असतं. तीस वर्षं मी परक्या बायांना, डोक्यावर पदर ओढून दाराआड उभ्या राहिलेल्या बायांना, "बाई, तुम्ही सांगा" म्हणून विचारत आलो. माझ्या घरात टाकीला रोज हात लावणारी एकच बाई होती. आणि मी मिशीला पीळ देत होतो.

मी बादलीभर गोडं पाणी आणलं. तिनं हात धरला. "एकदम नगा. तहानलेल्या ढोराला एकदम पाजता का तुम्ही?" नाही पाजत. तेही मला माहीत होतं. मग तिनं माठातलं पाणी घेतलं, आमचं पिण्याचं. तासाला एक तांब्या, काठानं, हळू. टाकीतलं तेवढंच काढायचं, तेवढं घालायचं. दोन दिवस ती स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन येत होती आणि मी दाराशी उभा राहून तिला वाट देत होतो. दुसरं कामच नव्हतं मला. माठ दुपारीच तळाला गेला, नळाला अजून तीन दिवस होते, तशी ती रिकामी घागर उचलून निघाली. काकूंच्या दारात गेली आणि एक घागर उसनी मागून आणली. कशाला, ते सांगूनच आणली. काकू म्हणे एवढंच बोलल्या, "ने बाई, जीव तो जीव." आणि मी इतके दिवस लोक काय म्हणतील म्हणून मरत होतो.

मोठी मादी दुसऱ्या सकाळी गेली. धाकटा चौथ्या दिवशी खाणं घ्यायला वर आला. मला आनंद झाला नाही. कुणाला वाटेल झाला असेल. मला फक्त दिसत होतं की तो येतो, घास घेतो, आणि परत त्या दगडाशी जातो जिथं ती उभी असायची.

रविवारी सकाळी नितीनला फोन लावला. काय बोलायचं ते मी पाठ केलं होतं. ड्रमचं सांगितलं, सुईचं सांगितलं, निळ्या औषधाचं, फाटलेल्या शेपटाचं. काही लपवलं नाही. शेवटी मी म्हणालो, "नितीन, चुकलं रे माझं."

हे वाक्य मी माझ्या पोराला जन्मात पहिल्यांदा म्हणत होतो. पलीकडं मोटारींचे आवाज येत होते. रस्त्याच्या कडेला थांबला असावा. मग त्यानं अगदी सावकाश विचारलं, "कशाच्या बाबतीत, बाबा?"

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखर विचारत होता, आणि थांबला होता. उत्तर माझ्या जिभेवर होतं. त्या कपाटातल्या फॉर्मवरच्या गावाचं नाव घ्यायचं, बस.

"माशाच्या," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला. "आईकडं द्या फोन."

मी दिला.